कॅन्टन फेअरला माल शोधायला जाताना: तयारी, कामाचा क्रम आणि नेहमीच्या चुका

कॅन्टन फेअर या चीनमधल्या व्यापारी मेळ्यासाठी पहिल्यांदा ग्वांगझौला जाऊन आलेल्या व्यापाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. भाव चांगला मिळाला, सँपल आवडलं, पैसे भरले आणि कन्साइनमेंट न्हावाशेवाला अडकली. कागद उलगडले की दिसतं, स्टॉलवर पहिला प्रश्न भावाचा विचारला होता. बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) नोंदणीचा विषय निघाला तो थेट क्लिअरिंग एजंटचा (कस्टम्समधून माल सोडवून देणाऱ्याचा) फोन आल्यावर. तोवर ॲडव्हान्स गेलेला असतो, माल बंदरात पडून असतो आणि डेमरेज (माल वेळेत न उचलल्याचा दंड) चढत असतं.

मोबाइल ॲक्सेसरीज, ब्लूटूथ स्पीकर, एलईडी दिवे, स्मार्ट वॉच असा माल आजवर लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून उचलणाऱ्या आणि आता थेट आयात करू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. पायऱ्या दिलेल्या क्रमानेच घ्या. क्रम बदलला की पैसे अडकतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहतो आहे.

## १. तारीख: दिवाळीपासून उलटं मोजा

कॅन्टन फेअर वर्षातून दोनदा, तीन टप्प्यांत भरते. इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि दिव्यांचा माल पहिल्या टप्प्यात असतो, म्हणजे १५ ते १९ एप्रिल आणि १५ ते १९ ऑक्टोबर. दुसऱ्या टप्प्यात घरसजावट आणि भेटवस्तू, तिसऱ्यात कपडे, खेळणी वगैरे. "एप्रिलअखेरीस जाऊ, तिकीट स्वस्त आहे" म्हणून २३ तारखेला पोहोचलात तर समोर चिनी मातीची भांडी आणि फर्निचर दिसेल.

दिवाळीचा माल हवा असेल तर एप्रिलचीच फेरी घ्या. हिशोब असा: मे महिना सँपल पक्कं करण्यात जातो. तुमच्या ब्रँडची बीआयएस चाचणी आणि नोंदणी यांना दीड-दोन महिने तरी धरा. उत्पादनाला महिनाभर, जहाजाला साधारण तीन आठवडे, क्लिअरिंग आणि गोडाऊनपर्यंतच्या वाहतुकीला आणखी आठवडा. म्हणजे सप्टेंबर उजाडतो, आणि घाऊकवाल्याचा दिवाळीचा माल तेव्हाच बाहेर पडत असतो.

ऑक्टोबरच्या फेरीतला माल उन्हाळा आणि लग्नसराईसाठी. त्यातही एक अडचण आहे. जानेवारी-फेब्रुवारीत चिनी नववर्षाला कारखाने दोन-तीन आठवडे, काही वेळा त्याहून जास्त बंद राहतात. सुट्टीहून सगळे कामगार परतत नाहीत, त्यामुळे सुट्टीनंतरच्या पहिल्या लॉटवर बारीक लक्ष ठेवावं लागतं. ऑक्टोबरमध्ये ठरवलेला माल नववर्षाआधी जहाजावर चढेल, अशा बेताने काम उरका.

याच सुमारास हाँगकाँगलाही दोन मोठी इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनं असतात. एक विमानतळाला लागून असलेल्या एशियावर्ल्ड-एक्स्पोमध्ये, दुसरं वान चाय इथल्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये. ती बहुधा ११ ते १६ तारखांच्या आसपास येतात, म्हणून पुष्कळ खरेदीदार आधी हाँगकाँग आणि मग ग्वांगझौ असा प्रवास आखतात. हा क्रम उलटा का करू नये, ते चौथ्या पायरीत आहे.

## २. वस्तूंची यादी आणि कायद्याची चाळण

ही पायरी घरी बसून, निदान दोन महिने आधी. सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवा.

काय आणायचं त्याची यादी करा आणि ती दहा वस्तूंच्या आत ठेवा. प्रत्येक वस्तूपुढे एचएसएन कोड (वस्तूच्या वर्गवारीचा क्रमांक, ज्यावरून शुल्क ठरतं) लिहा. कोड स्वतः अंदाजाने लिहू नका, क्लिअरिंग एजंटकडून खात्री करून घ्या. मग प्रत्येक वस्तू या प्रश्नांतून गाळा.

आणायला परवानगी आहे का? पूर्ण तयार ड्रोनच्या आयातीवर ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, मोजक्या सवलती सोडून. ई-सिगारेटवर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे. लॅपटॉप आणि टॅब्लेटच्या व्यापारी आयातीला वेगळी परवानगी घ्यावी लागते. प्रदर्शनात या वस्तू ओळीने मांडलेल्या असतात आणि विक्रेता "इंडिया नो प्रॉब्लेम" म्हणतो. त्याच्या दृष्टीने अडचण नसतेच, कारण त्याचा माल त्याच्या बंदरातून सुटलेला असतो.

बीआयएसची सक्तीची नोंदणी लागते का? चार्जर-ॲडॉप्टर, पॉवर बँक, लिथियम सेल, एलईडी दिवे, ब्लूटूथ स्पीकर, वायरलेस हेडफोन, स्मार्ट वॉच, सीसीटीव्ही कॅमेरे: तुमच्या यादीतलं बहुतेक सगळं यात येतं. नोंदणी नसलेला माल कस्टम्स सोडत नाही. तो परत पाठवावा लागतो किंवा मोडून भंगारात काढला जातो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण नव्या आयातदारांची सर्वांत महागडी चूक हीच आहे. ही नोंदणी वस्तूच्या प्रकाराला सरसकट मिळत नाही. ती ठरावीक कारखान्याला, त्याच्या ठरावीक पत्त्याला आणि ठरावीक ब्रँडला मिळते. कारखानदार तुम्हाला 'आर' अक्षराने सुरू होणारा क्रमांक दाखवेल आणि तो खराही असेल. पण तो दिल्लीतल्या दुसऱ्या एखाद्या आयातदाराच्या ब्रँडसाठी घेतलेला असतो. तुमचं नाव छापलेल्या डब्यावर तो क्रमांक टाकणं बेकायदा आहे. परदेशी कारखान्याला अर्ज करताना भारतातला अधिकृत प्रतिनिधीही नेमावा लागतो. तो कोण असेल आणि चाचणीचा खर्च कोण देईल, हे निघण्यापूर्वी स्वतःशी ठरवून ठेवा.

सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी एप्रिल २०२५ पासून सायबर सुरक्षेच्या चाचण्याही लागू झाल्या आहेत. पहिल्याच फेरीत कॅमेरे आणायचा विचार असेल तर तो बाजूला ठेवा, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. इस्त्री, गीझर यांसारख्या ज्या उपकरणांना आयएसआय मार्क लागतो, त्यांच्यासाठी बीआयएसचा माणूस चीनमधल्या कारखान्यात तपासणीला जावा लागतो. तोही नवख्याच्या आवाक्यातला मार्ग नाही.

बिनतारी वस्तू आहे का? ब्लूटूथ किंवा वाय-फाय असेल तर दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी शाखेची ईटीए मंजुरी लागते. त्यासाठी रेडिओ-लहरींचा चाचणी अहवाल कारखान्याकडून मिळवायचा असतो.

ई-कचऱ्याची जबाबदारी. स्वतःच्या ब्रँडखाली आयात केलीत की कायद्याच्या नजरेत तुम्हीच उत्पादक. ई-कचरा नियम २०२२ खाली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, आणि बॅटरीच्या मालाला बॅटरी कचऱ्याचे वेगळे नियम आहेत.

डब्यावरचा मजकूर. आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष, मूळ देश, ग्राहक तक्रारीचा क्रमांक. हा मजकूर कारखान्यातच छापून घेता येतो, तेव्हा तो घरीच तयार करून सोबत न्या.

थांबून तपासा: आयईसी (आयात-निर्यातीसाठीचा सरकारी क्रमांक) निघाला का? जीएसटी नोंदणीतला आणि बँक खात्यातला पत्ता आयईसीशी जुळतो का? यादीतली प्रत्येक वस्तू वरच्या प्रश्नांतून पार झाली का? दहातल्या चार गळाल्या तर उत्तम. उरलेल्या सहांवर नीट काम होईल.

## ३. घरपोच किंमत आधी काढा

स्टॉलवर ऐकलेला डॉलरचा आकडा रुपयांत बदलला की माल फुकटात मिळतोय असं वाटतं. म्हणून प्रत्येक वस्तूची कमाल परवडणारी किंमत निघण्यापूर्वीच वहीत लिहून ठेवा.

समजा एका नगाची सीआयएफ किंमत, म्हणजे माल, विमा आणि जहाजभाडं मिळून, १०० रुपये आहे. उदाहरणापुरतं मूळ सीमाशुल्क २० टक्के धरू. ते झाले २० रुपये. त्या २० रुपयांवर १० टक्के समाजकल्याण अधिभार, २ रुपये. एकूण १२२. त्यावर १८ टक्के आयजीएसटी, २१ रुपये ९६ पैसे. नग पडला १४३ रुपये ९६ पैशांना. आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, पण माल सोडवताना ती रक्कम खिशातून आधी भरावीच लागते. भांडवल मोजताना लोक हेच विसरतात.

यावर क्लिअरिंगचा खर्च, बंदरापासून गोडाऊनपर्यंतचं भाडं, बीआयएस आणि ईटीएचा खर्च नगांवर विभागून, आणि वॉरंटीत परत येणारे नग. तुमच्या वस्तूचा खरा शुल्कदर एजंटकडून घ्या. या आकड्यावरून मागे येत एफओबी किंमत (तिथल्या बंदरात माल जहाजावर चढेपर्यंतची) काढा आणि तिच्याखाली रेघ मारा. स्टॉलवर त्या रेघेच्या वर जायचं नाही.

## ४. व्हिसा, बॅज, फोन, पैसे

मेळ्याच्या अधिकृत संकेतस्थळावर खरेदीदार म्हणून नाव नोंदवा. ते मोफत आहे आणि निमंत्रणपत्र तिथूनच मिळतं. ते जोडून व्यवसायासाठीच्या एम व्हिसाचा अर्ज करा. पासपोर्टवरचं नाव, कंपनीच्या लेटरहेडवरचं नाव आणि निमंत्रणातलं नाव अक्षरन् अक्षर जुळू द्या. वडिलांचं नाव एकीकडे मध्ये आणि एकीकडे गायब, असं असेल तर आधी दुरुस्त करा.

सावधान: एकदाच प्रवेशाचा व्हिसा घेऊन ग्वांगझौला गेलात, मध्येच दोन दिवस हाँगकाँगला गेलात, तर चीनचा प्रवेश वापरून संपला. परत आत येता येत नाही. म्हणून हाँगकाँग आधी, किंवा मग दोनदा प्रवेशाचा व्हिसा. हाँगकाँगसाठी भारतीय पासपोर्टधारकांना ऑनलाइन पूर्वनोंदणी करावी लागते, त्यावर १४ दिवसांपर्यंत राहता येतं. ती विमानतळावर उभं राहून करायची गोष्ट नाही.

विमानाबद्दल थोडक्यात: ऑक्टोबर २०२५ मध्ये कोलकाता ते ग्वांगझौ थेट सेवा पुन्हा सुरू झाली आणि पाठोपाठ दिल्लीहून. मुंबई-पुण्याकडच्यांना हाँगकाँग, बँकॉक किंवा सिंगापूरमार्गे जाणंही सोयीचं पडतं. हॉटेल लवकर घ्या, मेळ्याच्या दिवसांत भाव दुप्पट होतात. आठव्या क्रमांकाच्या मेट्रोवरचं हॉटेल पाहा. त्याच मार्गावर शिनगांगदोंग आणि पाझौ ही प्रदर्शनाची स्टेशनं आहेत. ओळखीच्याकडे उतरणार असाल तर २४ तासांत पोलिसांकडे नोंद करावी लागते. हॉटेलात ते काम हॉटेलच करतं.

फोनची तयारी शक्य तितकी भारतातच संपवा:

- व्हीचॅट या चिनी मेसेजिंग ॲपवर भारतात २०२० पासून बंदी आहे, म्हणून त्याचं खातं तिकडे पोहोचल्यावर उघडा. तिथे कारखाने त्यावरच बोलतात, पण परतल्यावरच्या संवादासाठी त्यांचा ईमेलही घ्या.
- अलीपेमध्ये व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा. त्याआधी बँकेच्या ॲपमध्ये त्या कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर चालू करा. आपल्याकडे तो मुळात बंद असतो.
- भारतीय सिमवर रोमिंग घ्या. बँकेचा ओटीपी त्यावरच येणार. शिवाय रोमिंगच्या डेटावर व्हॉट्सॲप आणि गूगल चालतात. हॉटेलच्या वाय-फायवर किंवा चिनी सिमवर चालत नाहीत.
- भाषांतराच्या ॲपमध्ये चिनी भाषा ऑफलाइन उतरवून ठेवा. हॉटेलचा पत्ता चिनी लिपीत फोटो काढून ठेवा.

व्हिजिटिंग कार्डं पुरेशी न्या. एक जाड बांधणीची वही आणि छोटा स्टेपलर घ्या. शाकाहारी असाल तर चार दिवस टिकेल असा फराळ बॅगेत असू द्या. प्रदर्शनात खायला मिळतं, पण शोधण्यात दुपार जाते.

## ५. पहिला दिवस आणि दुसरा अर्धा: फक्त चाळायचं

वेळ सकाळी साडेनऊ ते सहा. पहिल्या दिवशी बॅजच्या रांगेत तास जातो, म्हणून शक्य असेल तर आदल्या दिवशीच बॅज घ्या. तो गळ्यात आणि पासपोर्ट जवळ. पाझौचं संकुल प्रचंड आहे. २०२५ च्या एप्रिलमधल्या मेळ्याला २ लाख ८८ हजारांहून जास्त परदेशी खरेदीदार आले होते. आत शिरून 'बघत बघत जाऊ' केलंत तर संध्याकाळी पाय दुखतील आणि हाती कॅटलॉगची पिशवी असेल, एवढंच.

आदल्या रात्री मेळ्याच्या ॲपमध्ये तुमच्या सहा वस्तूंचे हॉल शोधा आणि हॉलनुसार फेरी आखा. एका हॉलचं काम संपल्याशिवाय दुसऱ्यात जायचं नाही. आवडलेल्या स्टॉलवर पहिल्या फेरीत सात-आठ मिनिटं पुरतात.

प्रत्येक स्टॉलला वहीत एक पान. वर कार्ड स्टेपल करा. खाली हॉल आणि स्टॉल क्रमांक, मॉडेल क्रमांक, आणि पुढच्या पायरीतली उत्तरं. मग ते पान, वस्तू आणि स्टॉलचं नाव असा एकत्र फोटो काढा. फोटोपूर्वी विचारा, नव्या डिझाइनचे फोटो काढू देत नाहीत. ही शिस्त कंटाळवाणी वाटते, पण तिसऱ्या दिवशी एकसारखी दिसणारी चाळीस इअरबड्स डोळ्यांपुढे असतात आणि कोणती कुणाची हे फक्त वही सांगते.

कॅटलॉग गोळा करू नका. पीडीएफ व्हीचॅटवर मागा.

## ६. स्टॉलवर काय विचारायचं, आणि कोणत्या क्रमाने

पहिलं: तुम्ही बनवता की विकता? थेट विचारलं तर सगळेच "फॅक्टरी" म्हणतात. म्हणून कारखान्याचं गाव विचारा, कामगार किती, मोल्ड स्वतःचे का, आणि याशिवाय काय बनवता. इअरबड्स, पंखे, सूटकेस आणि छत्र्या एकाच स्टॉलवर असतील तर तो व्यापारी आहे. व्यापाऱ्याकडून घेण्यात गैर काही नाही, लहान ऑर्डर तोच घेतो. पण बीआयएस कारखान्याच्या नावाने लागते, तेव्हा खरा कारखाना कोणता हे लेखी सांगायची त्याची तयारी हवी.

दुसरं: या मॉडेलची बीआयएस आहे का, कोणाच्या ब्रँडला? क्रमांक घ्या आणि तिथेच उभं राहून बीआयएस केअर ॲपमध्ये टाका. कारखान्याचं नाव आणि पत्ता कार्डाशी जुळतो का पाहा. नोंदणी नसेल तर ती काढायला तयार आहेत का, चाचणीची सँपलं कोण देणार, खर्च कुणाचा. इथे "नंतर बघू" असं उत्तर आलं की वहीत फुली मारून पुढे चला.

तिसरं: आत काय आहे? ब्लूटूथच्या वस्तूत चिप कोणती, बॅटरी कोणत्या कंपनीची, बॅटरीचा यूएन ३८.३ अहवाल (वाहतुकीतल्या सुरक्षेच्या चाचणीचा) आहे का. चार्जर असेल तर किती व्होल्टपर्यंत चालतो. आपल्याकडे गावात रात्री दाब वर जातो आणि संध्याकाळी शेतीपंप चालू असताना कोसळतो. फक्त २२० व्होल्टवर तपासलेला चार्जर मराठवाड्यात एका हंगामात जळून परत येतो. पिन भारतीय हवी, हेही लिहून घ्या.

पॉवर बँकेचं उदाहरण घेऊ, कारण फसवणूक इथे सर्वांत सोपी आहे. डब्यावर १०,००० एमएएच लिहिलेलं असतं. हा आकडा आतल्या सेलचा, ३.७ व्होल्टवरचा. बाहेर ५ व्होल्टने वीज देताना गणिताने ७,४०० उरतात आणि रूपांतरातली गळती वजा जाता सहा ते साडेसहा हजार मिळाले तर माल प्रामाणिक. म्हणून 'रेटेड कपॅसिटी' किती ते विचारा. ती डब्यावर बारीक अक्षरांत असते. विक्रेता तिथेही १०,००० म्हणाला तर त्याला माल कळत नाही किंवा तो खोटं बोलतोय. सोबत एक छोटा यूएसबी मीटर न्या. सँपल हॉटेलवर नेऊन रात्री पूर्ण उतरवून पाहिलं की सकाळी उत्तर हातात.

चौथं: एमओक्यू आणि कार्टन. कमीत कमी किती नग, रंगनिहाय की एकूण. एका कार्टनमध्ये किती नग, कार्टनचं माप आणि वजन. ५० × ४० × ४० सेंटिमीटरचा कार्टन म्हणजे ०.०८ घनमीटर. त्यात १०० नग बसत असतील तर २,००० नगांचे २० कार्टन, १.६ घनमीटर. हे कंटेनरमध्ये इतरांच्या मालासोबत जाईल, आणि त्याचं भाडं घनमीटरवर लागेल.

शेवटी: भाव. आणि तोही "एफओबी, कोणतं बंदर?" असा पूर्ण. एक्सवर्क्सचा भाव कमी दिसतो कारण कारखान्याच्या दारापासून पुढचं सगळं तुमच्या माथी असतं. दोन स्टॉलचे भाव तोलताना दोन्ही एफओबी असल्याची खात्री करा. 'घरपोच मुंबई, सगळं आम्ही बघतो' अशा ऑफरपासून लांब राहा. आयात कोणाच्या नावाने झाली, शुल्क भरलं की नाही, हे तुम्हाला कळत नाही आणि चौकशी मात्र तुमच्या दुकानात येते.

सावधान: स्टॉलवर ॲडव्हान्स देऊ नका. "आज बुक केलं तर पाच टक्के कमी" ही ऑफर महिन्याभरानेही मिळते.

## ७. दुसरी फेरी आणि कारखाना

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वही घेऊन बसा. प्रत्येक वस्तूमागे तीन नावं ठेवा, बाकीची कापा. तिसऱ्या दिवशी फक्त या स्टॉलवर परत जा. विक्रेत्याचं वागणं आता बदललेलं दिसेल, कारण परत येणारे खरेदीदार थोडे असतात. घासाघीस आता करा. पहिल्या फेरीत केलेली वाया जाते.

चौथा आणि पाचवा दिवस कारखान्यांसाठी राखा. ऑडिओ आणि मोबाइलचा माल शेन्झेन आणि डोंगगुआनकडे बनतो, दिवे झोंगशानच्या गुझेन भागात, घरगुती उपकरणं फोशानच्या शुन्देकडे. ग्वांगझौहून हायस्पीड रेल्वेने शेन्झेन तासाच्या आत येतं. पाचव्या दिवशी दुपारनंतर मेळ्यात आवराआवर सुरू होते, तिथे थांबून फायदा नाही.

कारखान्यात स्वागतकक्षातली प्रमाणपत्रं पाहण्यात वेळ घालवू नका. पत्त्याची पाटी आणि व्यवसाय परवाना पाहा. परवान्यावर १८ अंकी-अक्षरी नोंदणी क्रमांक असतो, त्याचा फोटो घ्या. मग असेंब्ली लाइन, आणि तिच्या शेवटी तपासणीचं टेबल. नापास नग कुठे ठेवतात, विचारा. लाल खोका, त्यात चार-दोन नग आणि शेजारी नोंदवही असेल तर कारखान्यात तपासणी खरंच होते. "आमच्याकडे नापास होतच नाही" असं ऐकलंत तर तुमच्या दुकानात होतील.

## ८. सँपल आणताना

पॉवर बँक किंवा सुटी बॅटरी चेक-इन सामानात कधीच नाही, हातातल्या बॅगेतच, तीही मोजकी. १०० वॉट-तासांपेक्षा जास्त क्षमतेची असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते. चीनच्या देशांतर्गत विमानांत २८ जून २०२५ पासून ठसठशीत ३सी खूण (चीनच्या सक्तीच्या प्रमाणनाची) नसलेली पॉवर बँक नेऊ देत नाहीत. निर्यातीच्या सँपलांवर ही खूण बहुधा नसते, म्हणून एका शहरातून दुसऱ्या शहरातला प्रवास रेल्वेने करा. बाकी सँपलं कारखान्याला खऱ्या किमतीच्या बिलासह, तुमच्या आयईसीवर, कुरियरने पाठवायला सांगा. एकाच वस्तूचे पंधरा नग बॅगेत दिसले तर कस्टम्सला तो धंद्याचा माल वाटणं स्वाभाविक आहे.

## ९. परतल्यावर: सँपलपासून पैशांपर्यंत

सँपल स्वतः दोन आठवडे वापरा, आणि तुमच्या रिपेअरिंगवाल्याला उघडून दाखवा. सोल्डरिंग पाहून तो जे सांगेल ते कुठल्याही कॅटलॉगमध्ये नसतं. पसंत पडलेल्या सँपलचे दोन नग सही करून सीलबंद करा, एक तुमच्याकडे, एक कारखान्याकडे. पुढे वाद झाला तर हाच पुरावा.

मग प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, म्हणजे ऑर्डरच्या अटींचं आगाऊ बिल. त्यात मॉडेल, चिप, बॅटरीची कंपनी आणि क्षमता, रंग, डब्यावरचा मजकूर, एफओबी बंदर, तयारीची तारीख, आणि नापास नगांच्या बदल्यात किती जास्तीचे नग हे सगळं लिहिलेलं हवं. परत पाठवणं परवडत नाही, म्हणून एक-दोन टक्के नग जास्तीचे मागा. बीआयएस नोंदणी तुमच्या ब्रँडला मिळाल्यावरच उत्पादन सुरू होईल, हे वाक्य इन्व्हॉइसमध्ये टाका. ते नसेल तर सही नाही.

पैसे ३० टक्के आधी आणि ७० टक्के तपासणीनंतर, ही सर्वमान्य पद्धत. तपासणी म्हणजे माल पॅक झाल्यावर, जहाजावर चढण्यापूर्वी, त्रयस्थ संस्थेच्या माणसाने कारखान्यात जाऊन यादृच्छिक कार्टन उघडणं. पहिल्या ऑर्डरला हा खर्च टाळू नका.

सावधान: पैसे कंपनीच्याच खात्यात. परवान्यावरचं नाव आणि खात्यावरचं नाव वेगळं असेल, किंवा खातं एखाद्या व्यक्तीचं असेल तर थांबा. उरलेले ७० टक्के भरायच्या आदल्या दिवशी "आमचं बँक खातं बदललं आहे" असा ईमेल आला तर तो खोटा धरून चाला. कारखान्यात भेटलेल्या माणसाला व्हिडिओ कॉल करून खाते क्रमांक तोंडी जुळवा. ईमेल हॅक करून अशी रक्कम पळवणारे याच क्षणाची वाट पाहत असतात, आणि एकदा गेलेली रक्कम सहसा परत येत नाही.

जहाज निघालं की बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती), इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बीआयएस आणि ईटीएचे कागद एजंटला लगेच पाठवा. माल बंदराला लागेपर्यंत थांबू नका. नगांची संख्या, मॉडेल क्रमांक आणि ब्रँडचं स्पेलिंग सगळ्या कागदांवर एकच आहे का, ते स्वतः बोट ठेवून तपासा. बीआयएसच्या कागदावर मॉडेल 'एक्स-१०' आणि इन्व्हॉइसवर 'एक्स१० प्रो' एवढ्या फरकानेही माल थांबतो. माल सुटला की बिल ऑफ एंट्रीची (कस्टम्सला दिलेल्या आयातीच्या पत्रकाची) नोंद बँकेच्या प्रणालीत त्या रकमेपुढे लागली का, ते बँकेत विचारून खात्री करा. ती बाकी राहिली तर पुढच्या ऑर्डरचा ॲडव्हान्स पाठवताना बँक अडवते.

नोंदणीचे कागद, सीलबंद सँपल आणि वहीतली ती पानं वॉरंटीची मुदत संपेपर्यंत जपून ठेवा.